समाजमाध्यमांवर कामाचा माणूस कसा शोधावा: चाकणच्या एका भरतीची सविस्तर पद्धत

चाकणच्या एका मशिन शॉपला महिनाभरात सहा व्हीएमसी सेटर आणि एक क्वालिटी इंजिनिअर हवे होते. व्हीएमसी म्हणजे धातू कापून पार्ट घडवणारं, संगणकावर चालणारं मशिन, आणि सेटर म्हणजे ते मशिन नव्या कामासाठी लावून देणारा माणूस. पेपरात जाहिरात देऊन झाली होती, गेटवर बोर्ड लावून झाला होता. आले ते बहुतेक नुकते आयटीआय झालेले. मशिनवर जॉब, म्हणजे घडवायचा पार्ट, लावता येत होता, पण सेटिंग कधी केलेलं नव्हतं. मग काम माझ्याकडे आलं. मी बारा वर्षं पुण्यात भरतीचंच काम करते, त्यातलं बरंचसं भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातलं. ही एक भरती पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कशी केली ते सांगते. छोट्या कारखान्यात एचआर आणि हिशेब एकाच माणसाकडे असतात, त्यांना आणि या धंद्यात नव्याने आलेल्या मुलामुलींना पद्धत उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

फेसबुक, व्हॉट्सॲप किंवा लिंक्डइनवर जाहिरात टाकणं हा या कामाचा सगळ्यात छोटा तुकडा आहे. जाहिरात वाचतो तो नोकरी शोधणारा. आपल्याला हवा असलेला सेटर मात्र आत्ता कुठल्या तरी शिफ्टला मशिनसमोर उभा आहे आणि त्याला जाहिराती बघायची गरज पडलेली नाही. त्याच्यापर्यंत आपण जायचं असतं. थेट पोचता आलं नाही तर त्याला ओळखणाऱ्या माणसामार्फत.

मोबाइल हातात घेण्याआधी शॉपफ्लोअरवर जा

कंपनीकडून आलेला कागद दोन ओळींचा होता: "व्हीएमसी सेटर, अनुभव ३ ते ५ वर्षं." एवढ्यावर शोध सुरू केला असता तर शंभर जणांना फोन करून नव्वद जणांचा वेळ वाया घालवला असता. म्हणून मी अर्धा तास सुपरवायझरसोबत मशिनजवळ उभी राहिले आणि विचारलं: कंट्रोलर (मशिन चालवणारा संगणक) फॅनुकचा की सीमेन्सचा? सेटरने प्रोग्रॅम लिहायचाय की फक्त ऑफसेट (टूल आणि जॉबची मापं) द्यायचेत? कास्टिंगचं (ओतीव पार्टचं) काम आहे की बारचं? फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) स्वतः लावायचं का? शिफ्ट किती, बस कुठून, जेवण कॅन्टीनमध्ये की डबा? हातात किती पडणार?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला माणूस एकूण केवढ्याला पडतो तो, आकडा सांगून शॉपफ्लोअरवरचा माणूस मिळत नाही. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, कधी बोनस आणि ग्रॅच्युइटीही. घरभाडं आणि मुलाची फी भरायची असते ती हातात पडणाऱ्या पगारातून. कंपनीने हातात पडणारा आकडा सांगायला नकार दिला तर मी काम पुढे सरकवत नाही. तो आकडा शेवटी लपत नाहीच, जॉइनिंगच्या दिवशी कळतो आणि माणूस आठव्या दिवशी निघून जातो.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट टिपून घ्यायची: तिथली माणसं स्वतःच्या कामाला काय म्हणतात. कागदावर "सेटर" होतं. पण लोक स्वतःला सेटर-कम-ऑपरेटर, व्हीएमसी प्रोग्रॅमर, सिनियर ऑपरेटर, नुसतं "मशिन शॉप" असंही म्हणवतात. पुढचा सगळा शोध या शब्दांवर चालतो.

कोण कुठे सापडतो

क्वालिटी इंजिनिअर लिंक्डइनवर सापडतो. सेटर तिथे क्वचित असतो. असला तरी कुणीतरी कधी काळी काढून दिलेलं अकाउंट असतं आणि पासवर्डही त्याच्या लक्षात नसतो. तो सापडतो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, फेसबुकवरच्या सीएनसी-व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशिनांच्या) ग्रुपमध्ये आणि प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या यूट्यूब चॅनेलच्या कॉमेंट्समध्ये. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी गिटहब, ग्राफिक डिझायनरसाठी बिहान्स आणि इन्स्टाग्राम, अशा जागा ठरलेल्या आहेत. माझ्या कामात इन्स्टाग्रामचा उपयोग कमी, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

या जागांवर पहिले तीन दिवस काहीही टाकू नका, फक्त वाचा. एका फेसबुक ग्रुपवर एकाने विचारलं होतं की ड्राय रनला (प्रत्यक्ष न कापता मशिन चालवून बघताना) सगळं ठीक दिसतंय, पण कटिंग सुरू केलं की टूल जॉबमध्ये घुसतंय. खाली पंधरा-वीस उत्तरं होती, बहुतेक "प्रोग्रॅम चेक कर" छापाची. एकाने मात्र लिहिलं होतं: "जी ४३ पुढचा एच नंबर बघ. टूल ३ लावलंयस आणि ऑफसेट २ चा उचलतोय." जी ४३ म्हणजे टूलची लांबी धरून चालायला मशिनला सांगणारा कोड, आणि एच नंबर म्हणजे ती लांबी कुठल्या टूलची घ्यायची ते. हे उत्तर देणारा माणूस मशिनवर उभा राहिलेला आहे हे सांगायला त्याचा बायोडेटा लागत नाही. मी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं. अशी अकरा नावं तीन दिवसांत मिळाली.

लिंक्डइनवरचा शोध

इंजिनिअरसाठी बुलियन शोध वापरला. एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाच्या नावाचं हे तर्कशास्त्र शिकायला अर्धा तास पुरतो. शब्द जोडायला अँड, पर्याय द्यायला ऑर, वगळायला नॉट. तिन्ही शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहायचे, एकत्र हवे असलेले शब्द दुहेरी अवतरणात आणि पर्यायांचा गट कंसात. माझी ओळ अशी होती (टाइप करताना अर्थात सगळं इंग्रजीत):

("क्वालिटी इंजिनिअर" ऑर "क्यूए इंजिनिअर") अँड (सीएमएम ऑर पीपीएपी) नॉट ट्रेनी

सीएमएम हे मोजमापाचं मशिन. पीपीएपी म्हणजे वाहन कंपनीला नवा पार्ट मंजूर करून घेण्यासाठी द्यावी लागणारी कागदपत्रं. "क्वालिटी" हा शब्द कुणीही लिहितो. हे दोन शब्द लिहितो तो ऑटोमोबाइलच्या सप्लायरकडे काम केलेला. शोधाची किल्ली नेहमी अशा शब्दात असते, जो फक्त ते काम केलेल्यालाच सुचतो.

गावांची नावं जुनी आणि नवी दोन्ही टाका. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर आणि अहिल्यानगर. अनेकांनी प्रोफाइल अजून बदललेलं नाही, आणि नव्या नावाची इंग्रजी स्पेलिंगं प्रत्येकाची वेगळी.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला फिल्टर मात्र शिक्षणाचा आहे. अवसरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकलेला आणि आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला नोकरी करणारा मुलगा बघा. अवसरी आंबेगाव तालुक्यात, चाकणहून तासाभराच्या अंतरावर. त्याचं घर त्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. आई-वडील तिकडे, शेती तिकडे. पगार दोन हजारांनी वाढला म्हणून तो येणार नाही, पण घराजवळ येता येईल म्हणून फोन नक्की घेईल. आमचा क्वालिटी इंजिनिअर असाच मिळाला. लिंक्डइनचं पैशांचं खातं नसेल तर गूगलवर "साइट" हा शब्द, कोलन आणि लिंक्डइनचा पत्ता लिहून पुढे हेच शब्द टाकले तरी सार्वजनिक प्रोफाइल दिसतात.

कुणाच्या फोटोभोवती "ओपन टू वर्क"ची हिरवी चौकट असते, तेव्हा प्रश्न नसतो. पण काही जण ही माहिती फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवतात, कारण चालू कंपनीला कळू द्यायचं नसतं. अशा प्रोफाइलचा स्क्रीनशॉट काढून क्लायंटच्या ग्रुपवर टाकू नका. एकाच औद्योगिक वसाहतीतले दोन एचआर एकमेकांना ओळखतात, आणि त्या मुलाची असलेली नोकरी तुमच्यामुळे जाऊ शकते.

प्रोफाइल वाचताना काय बघू नये

काम किती वर्षं, कोणत्या मशिनवर, किती जागा बदलल्या, एवढंच बघा. आडनाव, फोटो, लग्न, धर्म, कुठल्या पुढाऱ्याचा वाढदिवस शेअर केला, हे बघायचं नाही. बघितलं की मनात राहतं, मग "हा आपल्याकडे जमणार नाही" असं वाक्य तोंडातून निघतं आणि कारण विचारलं तर सांगता येत नाही. मी क्लायंटला यादी देते ती नाव-फोटो काढून, नुसती कामाची माहिती ठेवून. भरतीत स्त्री म्हणून डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच बंदी घातली होती, पण बाळंतपणामुळे पडलेल्या दोन वर्षांच्या खंडाकडे बोट दाखवणारे मला आजही भेटतात. अशा वेळी मी सांगते: खंडाआधी तिने सीएमएम किती वर्षं चालवलं ते बघा.

पहिला मेसेज

बहुतेक जण इथे घसरतात. पोरांना रोज येणारा मेसेज असतो: "डिअर कँडिडेट, अर्जंट ओपनिंग, आकर्षक पगार, त्वरित बायोडेटा पाठवा." कुणाची कंपनी, काय काम, किती पैसे, काही नाही. वरून "त्वरित".

त्या जी ४३ वाल्या दादांना मी लिहिलं ते असं:

"नमस्कार दादा. एच नंबरबद्दलचं तुमचं उत्तर ग्रुपवर वाचलं. मी चाकणच्या एका मशिन शॉपसाठी सेटर शोधतेय. फॅनुक कंट्रोलर, ॲल्युमिनियम कास्टिंग, चार व्हीएमसी. हातात २६ ते ३० हजार, तीन शिफ्ट, भोसरी आणि राजगुरुनगरहून बस. कुणाकडून एक रुपयाही घेत नाही. नोकरी बदलायची नसेल तरी हरकत नाही. बोलायचं असेल तर फक्त या आठवड्याची शिफ्ट कळवा, त्याप्रमाणे फोन करते."

त्यांना का लिहिलं हे पहिल्याच वाक्यात आहे. पैसे आणि बस न विचारता सांगितले आहेत. नकार द्यायला वाट ठेवली आहे. आणि मागितलं आहे ते फक्त शिफ्टचं नाव. बायोडेटा मागितला असता तर तो लॅपटॉपवर, लॅपटॉप भावाकडे, भाऊ गावाला, असं करत पंधरा दिवस गेले असते.

शिफ्टचा प्रश्न सवयीने विचारा. तिसरी शिफ्ट करून आलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो, आणि नेमका तेव्हाच ऑफिसातला रिक्रूटर फोन लावतो. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. माझे निम्मे कामाचे फोन गुरुवारी दुपारी जेवणानंतर होतात.

फेसबुकवर ओळख नसताना पाठवलेला मेसेज "मेसेज रिक्वेस्ट" नावाच्या वेगळ्या कप्प्यात पडतो आणि महिनोन् महिने तिथेच राहतो. म्हणून त्यांच्या कॉमेंटखाली मी एवढंच लिहिलं: "चांगलं उत्तर दिलंत. मेसेज रिक्वेस्ट बघाल का?" नोकरीचा उल्लेख तिथे करायचा नाही, ग्रुपमध्ये त्यांचा सुपरवायझरही असू शकतो. लिंक्डइनच्या पैशांच्या खात्यात इनमेल (ओळख नसलेल्यालाही जाणारे मेसेज) पाठवता येतात आणि ९० दिवसांत उत्तर आलं तर खर्च झालेलं क्रेडिट परत मिळतं. म्हणजे नीट लिहिलेला मेसेज तिथे अक्षरशः पैसे वाचवतो.

उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी एकदाच आठवण करा. त्यानंतर गप्प बसा.

व्हॉट्सॲप: सगळ्यात जोरदार, सगळ्यात जपून वापरायचं साधन

काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्यासाठी पोस्ट तयार केली होती. कंपनीचा पत्ता, माझा नंबर, "थेट मुलाखत", सगळं सुबक फोटोत. तारीख टाकली नव्हती. चौदा महिन्यांनी एका सकाळी मला गेटवरच्या सिक्युरिटीचा फोन आला. गेवराईकडून रात्रीच्या एसटीने एक मुलगा आला होता, पाठीवर बॅग, हातात कागदपत्रांची पिशवी, मोबाइलमध्ये माझीच पोस्ट. कुणीतरी आदल्या दिवशी त्याच्या गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड केली होती. जागा तेरा महिन्यांपूर्वीच भरल्या होत्या. त्याच्याकडे परतीच्या तिकिटापुरतेही पैसे नव्हते. त्याची जेवणाची आणि परतीची सोय मी केली, पण त्याने वाया घालवलेले दोन दिवस आणि घरी गेल्यावर द्यावं लागलेलं उत्तर मला भरून देता आलं नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पोस्टची पहिली ओळ तारखेची असते: "पोस्ट केल्याची तारीख अमुक, मुदत अमुकपर्यंत. मुदतीनंतर येऊ नये." मग जागा किती, काम काय, हातात किती, शिफ्ट, बस. मग "येण्याआधी मेसेज करून वेळ घ्या." शेवटी "कुठलीही फी नाही." फोटो बनवलात तर तारीख फोटोतच घाला. फोटोखालची ओळ फॉरवर्ड करताना गळते. पाठवलेला मजकूर फक्त १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, आणि तोवर पुढे गेलेल्या प्रतींवर तर आपला काहीच ताबा उरत नाही.

आता साधनाची मापं. एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची यादी) २५६, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या फोनवर "माझा नंबर नावाने सेव्ह करून ठेवा" हे सांगायचंच. ग्रुपमध्ये विचारल्याशिवाय कुणालाही घालू नका. एकदा घातलं की त्याचा नंबर हजार अनोळखी लोकांना दिसतो, आणि त्यात फसवणारेही असतात. मी उमेदवारांचे ग्रुप काढत नाही, ब्रॉडकास्टच वापरते.

"तुमच्या शेजारच्या मशिनवर कोण आहे?"

जी ४३ वाले दादा आलेच नाहीत. मुलगा दहावीला होता, घर भोसरीत, त्यांना बदल नको होता. अशा वेळी फोन ठेवायचा नसतो, पुढचा प्रश्न विचारायचा असतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की नोकरीची खबर घरच्या, जवळच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष "सायन्स" नियतकालिकात आले, त्यातही नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या ना फार घट्ट ना अगदीच पुसट अशा ओळखी. सेटरच्या दुनियेत ही ओळख कोणती? जुन्या कंपनीत दोन वर्षं शेजारच्या मशिनवर उभा असलेला माणूस. मित्र नव्हे, पण काम माहीत असलेला.

म्हणून "कुणी असेल तर सांगा" असं मोघम विचारू नका. त्याचं उत्तर "बघतो" असं येतं आणि विषय संपतो. मी विचारलं: "दादा, आधीच्या कंपनीत तुम्ही सुट्टीवर असलात की तुमचं मशिन कोण सेट करायचं?" त्यांनी ताबडतोब दोन नावं सांगितली. सहापैकी चार सेटर अशाच प्रश्नांतून मिळाले. त्या माणसाला फोन करण्याआधी ज्यांनी नाव दिलं त्यांनाच "मी बोलणार आहे, तुमचं नाव सांगू का?" असं विचारून घ्या.

एक धोका सांगितला पाहिजे. ओळखीतून ओळख करत गेलं की सगळी माणसं एकाच गावची, एकाच जातीची होऊन बसतात, आणि बाहेरच्याला शिरायला फट राहत नाही. त्यामुळे मी ओळखीची साखळी दोन-तीन वेगळ्या टोकांपासून सुरू करते: एक टोक ग्रुपवरचं, एक आयटीआयच्या जुन्या निदेशकांचं, एक वाळूज किंवा नाशिकच्या सातपूरकडचं.

माहिती हातात आल्यावर

माझ्याकडे साधी एक्सेल शीट आहे. नाव, कुठून मिळाला, कोणत्या तारखेला काय बोलणं झालं, पुन्हा कधी विचारायचं. आधार, पॅन आणि पगाराची स्लिप ऑफर ठरल्याशिवाय मागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती वगळलेली आहे, पण विश्वासाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला बायोडेटा जाहीर होत नाही. तो दुसऱ्या क्लायंटला द्यायचा असेल तर विचारा, आणि "माझी माहिती काढून टाका" म्हणाला तर त्याच दिवशी काढा. चालू कंपनीत चौकशीचा फोन कधीही करू नका.

ऑनलाइन ओळख कितीही पक्की वाटली तरी निवड मशिनवरच. चाचणीला आलेल्या प्रत्येक सेटरला एक ड्रॉइंग आणि एक कास्टिंग दिलं, दीड तास दिला. चाचणीला येण्याचं प्रवासभाडं कंपनीने द्यावं, हे मी आधीच ठरवून घेते.

पैशांचा प्रश्न

निम्मे लोक पहिल्याच फोनवर विचारतात, "मॅडम, तुमचे किती?" आधी कुणीतरी "रजिस्ट्रेशन" किंवा "युनिफॉर्म"च्या नावाखाली त्यांना लुटलेलं असतं. म्हणून आपली ओळख उघडी ठेवा: प्रोफाइलवर खरं नाव, कंपनीच्या डोमेनचा ईमेल, आणि बोलावणं कंपनीच्या पत्त्यावर. तुमच्या नावाने कुणी पैसे मागतोय असं कळलं तर ब्रॉडकास्टवर लगेच सावध करा आणि फसलेल्याला १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा. पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात.

आखाती देशांतल्या नोकऱ्यांचे मेसेज रत्नागिरी-रायगडात आणि गोव्यात फार फिरतात. तिथे कायदा वेगळा आहे. १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशगमन) कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटलाच परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करता येतात, आणि सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. नोंदणी नसेल तर अशी पोस्ट ओळखीच्या माणसाने मागितली तरी पुढे पाठवू नका.

"नाही" कळवणं आणि भरती बंद करणं

चाचणीला आलेल्यांत पाच जण निवडले गेले नाहीत. त्या पाचांना मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि कारण सांगितलं. एकाला म्हटलं, "तुमचं सेटिंग चांगलं होतं, पण ड्रॉइंगवरचे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचायला वेळ लागला." त्याने तेवढंच शिकून घेतलं आणि पुढच्या वर्षी रांजणगावच्या एका भरतीत निवडला गेला. निवड झालेल्यांच्या नोटिस पिरियडमध्ये दर आठवड्याला एक मेसेज जातो: बसचा थांबा कुठे, पहिल्या दिवशी कुणाला भेटायचं, खोली मिळाली का. ऑफर घेऊन माणूस न येण्याचं प्रमाण माझ्याकडे यामुळेच कमी झालं.

सातवा माणूस हजर झाला त्या दिवशी, जिथे जिथे पोस्ट टाकली होती त्या प्रत्येक ग्रुपवर मी पुन्हा गेले आणि मूळ पोस्टला रिप्लाय करून लिहिलं:

"या पोस्टमधल्या सर्व जागा भरल्या आहेत. कृपया कुणीही चाकणला येऊ नये. ही पोस्ट तुम्ही पुढे पाठवली असेल तर हा मेसेजही तिथे पाठवा."